भूशास्त्रीय नकाशा : लेखणीपासून संगणकापर्यंत

गावे, नद्या आणि रस्ते दाखविणारा नकाशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचा असतो. भूशास्त्रीय नकाशाचे तसे नाही. खडक बहुतेक ठिकाणी माती, शेत, रान आणि वस्ती यांच्याखाली दडलेला असतो. तो उघडा पडतो तो नदीच्या पात्रात, घाटाच्या कापणीत, नव्याने खणलेल्या विहिरीच्या कडेला. एका उघड्या खडकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर नकाशाकारास तर्कानेच भरून काढावे लागते. म्हणून ह्या नकाशावरील रेघ पुष्कळदा अर्धी पाहिलेली आणि अर्धी मानलेली असते. हल्ली ही विद्या संगणकाच्या पडद्यावर शिकविली जाते आणि शिकणाराची सोय पूर्वी कधी नव्हती इतकी झाली आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु रेघेतील तो मानलेला भाग पडद्यावर दिसेनासा होण्याचा धोकाही त्याबरोबर आला आहे.

ह्या विद्येचा इतिहास सांगताना विल्यम स्मिथ ह्याचे नाव टाळता येत नाही. इंग्लंडातील एका लोहाराचा हा मुलगा, १७६९ मध्ये जन्मलेला, व्यवसायाने भूमापक. कोळशाच्या खाणी आणि कालवे यांची मोजणी करता करता त्याच्या ध्यानात आले की, खडकांचे थर ठराविक क्रमानेच एकावर एक येतात आणि त्यांतील जीवाश्मांवरून थराची ओळख पटते. १८१५ मध्ये त्याने इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा काही भाग दाखविणारा रंगीत नकाशा प्रसिद्ध केला. पाच मैलांस एक इंच हे त्याचे प्रमाण. सगळे ताव जोडून भिंतीवर लावले म्हणजे तो पुरुषभर उंचीच्याही वर जाई. रंग हाताने भरलेले होते आणि त्यांत एक युक्ती होती. प्रत्येक थराच्या तळाकडील कडेस रंग गडद, तेथून पुढे फिकट होत गेलेला. त्यामुळे कोणता थर कोणाच्या अंगाखाली शिरतो हे पाहणाराच्या नजरेस आपोआप पडे. इतके करूनही १८१९ मध्ये ह्या गृहस्थास कर्जापायी तुरुंग पाहावा लागला. लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने त्याचा गौरव केला तो १८३१ मध्ये.

आपल्या देशात हे काम स्मिथच्या हयातीतच सुरू झाले. कर्नल लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हेन्री वॉयसी नावाचा एक शल्यवैद्य दक्षिणेत हिंडत होता. हैदराबाद प्रदेशाचा त्याने १८२० च्या सुमारास केलेला नकाशा हा भारतातील पहिला भूशास्त्रीय नकाशा समजला जातो. हैदराबादकर वाचकांस ह्याचे कौतुक वाटावे. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम कलकत्त्यास आला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे काम सुरू झाले. पुढे १८५४ मध्ये ग्रीनो ह्याने साऱ्या हिंदुस्थानचा एक मोठा नकाशा काढला, तो मात्र लंडनमध्ये बसून, इतरांनी पुरविलेल्या माहितीवरून. खडकाजवळ न जाता नकाशा करण्याची ही प्रथा संगणकाने आणलेली नाही, हे आम्हांस मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

ह्या दीर्घ परंपरेत एक सुंदर शिस्त निर्माण झाली. दोन खडकांची सीमा प्रत्यक्ष पाहून ठरविली असेल तर सलग रेघ. अंदाजाने ठरविली असेल तर तुटक. गाळाखाली किंवा पाण्याखाली झाकलेली असेल तर ठिपक्यांची. जेथे शंका, तेथे प्रश्नचिन्ह. एवढ्या प्रांजळपणे आपले अज्ञान कागदावर मांडणारी शास्त्रे थोडीच असतील.

संगणक ह्या क्षेत्रात आला तो १९६० नंतरच्या दशकात. कॅनडाच्या अफाट भूमीची नोंद हातांनी उरकणार नाही हे पाहून रॉजर टॉमलिन्सन ह्याने नकाशे आणि त्यांवरील माहिती यंत्रात साठविण्याची पद्धती उभी केली. अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी १९८२ पासून 'ग्रास' ही प्रणाली घडविली, आणि २००२ मध्ये गॅरी शर्मन ह्याने आरंभिलेली 'क्यूजीआयएस' ही प्रणाली तर आज कोणासही विनामूल्य मिळते. बेळगावच्या किंवा इंदूरच्या विद्यार्थ्यास आता महागड्या साहित्यावाचून ही विद्या शिकता येते.

तो शिकतो काय? प्रथम जुना छापील नकाशा पडद्यावर घेऊन त्यावरील ओळखीच्या खुणा पृथ्वीवरील अक्षांश-रेखांशांशी जुळवावयाच्या. येथेच पहिली मेख आहे. आपले जुने नकाशे एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले. आजचे उपग्रह वेगळा आकार मानतात. हा भेद न जाणता नकाशे एकमेकांवर ठेवले तर नदी आपल्या पात्रातून बाजूला सरकलेली दिसते. मग सीमारेषा काढावयाच्या, त्या एकमेकींना नेमक्या भिडवावयाच्या, आणि त्यांच्या आतील क्षेत्रांस रंग द्यावयाचा. थर किती कलला आहे ते दाखविणारी चिन्हे दिशेनुसार फिरवावी लागतात. कोणी कलाची दिशा नोंदवितो, कोणी तिच्याशी काटकोनात असलेल्या आडव्या रेषेची. प्रणालीस हा फरक सांगितला नाही तर सगळी चिन्हे ९० अंशांनी चुकतात आणि नकाशा दिसतो मात्र अगदी नीटनेटका.

सह्याद्रीत हे शिक्षण विशेष सोपे आणि विशेष फसवेही आहे. तेथील बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे त्यांच्या सीमा डोंगराच्या समोच्च रेषांना धरून चालतात. २००० साली अवकाशयानातून झालेल्या मोजणीमुळे जमिनीच्या उंचीचे आकडे कोणासही मिळतात. म्हणून एका ठिकाणी पाहिलेली सीमा यंत्राच्या साह्याने डोंगरभर फिरविता येते. पण मध्येच विभंग असेल, थर पातळ होऊन संपला असेल, तर ते यंत्रास कोठून कळावे? घाटात उतरलेल्याने होकायंत्रावरही फार विसंबू नये, कारण बेसाल्ट स्वतः चुंबकीय असतो. खिशातील फोनचे होकायंत्रही ह्याला अपवाद नाही.

सर्वांत सूक्ष्म फसवणूक रेघेच्या जाडीची आहे. एकास पन्नास हजार ह्या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद होते. कागदावर हे सहज लक्षात राही. पडद्यावर तोच भाग शंभरपट मोठा केला तरी रेघ तेवढीच बारीक राहते, आणि पाहणारास वाटते की ही सीमा अमक्याच्या अंगणातून जाते. गोव्यातील वाचकांस ह्याचे महत्त्व सांगावयास नको. पठारावरील सच्छिद्र जांभा पाणी जिरवितो, त्याखालची शेडी मातीची चिकण ते अडविते, आणि दोहोंच्या सांध्यावर झर फुटतात. डोंगराच्या कुशीतील कित्येक देवळांच्या तळ्या अशाच पाण्यावर भरतात. तो सांधा नकाशात वीस मीटर वर किंवा खाली गेला तर विहीर कोठे खणावी आणि पठार कोठवर खणू द्यावे, ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

उपाय यंत्रातच आहे. प्रत्येक रेघेमागे माहितीचा एक तक्ता असतो. त्यात सीमा खरोखर आहे याची खात्री किती, आणि तिची जागा किती मीटरपर्यंत विश्वसनीय, असे दोन निराळे रकाने ठेवता येतात. अमेरिकेत २००६ मध्ये ठरलेल्या चिन्हपद्धतीत हा भेद स्पष्ट केलेला आहे. कागदावरच्या तुटक रेघेत ह्या दोन शंका पुष्कळदा एकत्र मिसळून जात. हे रकाने रिकामे टाकणारा विद्यार्थी लवकर काम संपवितो, एवढेच.

स्मिथचा नकाशा आता संगणकावर पाहावयास मिळतो आणि तो आजच्या नकाशावर पसरून पाहण्याचा अभ्यास फार बोधप्रद आहे. पुष्कळ ठिकाणी त्याच्या रेघा आजच्या रेघांच्या आश्चर्यकारक जवळून जातात. जेथे जात नाहीत तेथे दोष स्मिथचा, की ज्या केरीच्या नकाशावर त्याने रंग भरले त्या नकाशाचा, की जुळवणी करणाराचा, हे प्रत्येक रेघेपुरते स्वतंत्र शोधावे लागते.