रोटोटुनाच्या घळी
न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहराच्या ईशान्येस वसलेल्या रोटोटुना उपनगराचा इतिहास हा मुख्यतः पाण्याला हुसकावून लावण्याचा इतिहास आहे. १८६३-६४ मध्ये मूळनिवासी माओरींशी झालेल्या युद्धानंतर सरकारने वायकाटो प्रांतातील त्यांच्या जमिनी जप्त करून साध्या शिपायालाही पन्नास एकरांचे इनाम दिले. आणि या नव्या खातेदारांनी व त्यांच्यामागून आलेल्या गोपालकांनी चर खणून दलदली अशा निष्ठेने आटवल्या की वन्य जीवांना आसरा उरला तो केवळ नांगर न चालणाऱ्या घळींचा. तेथल्या ओढ्यांत, झुकत्या काठाखाली, मुळांच्या सावलीत दिवसभर दडून राहणारा लांब पराचा वाम मासा आयुष्याच्या अखेरीस अंडी घालण्यासाठी थेट उष्ण कटिबंधातील महासागर गाठतो. काठापर्यंत हिरवळ कातरणाऱ्या हौशी उद्यानकारास मात्र याची वार्ताही नसते.

हरवलेली देशी हिरवाई परत आणण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २००४ साली शहराच्या पश्चिमेस वाइव्हाकारेके उद्यानात देशी वृक्षांची लागवड सुरू झाली; २०२० साली नगर परिषदेने २०५० पर्यंत शहराचा दहा टक्के भाग देशी वनस्पतींखाली आणण्याचे ठरवले. म्हणून रोटोटुनात नवे उद्यान आखणाऱ्यांनीही नकाशावर आधी घळ व तिचा सावलीचा पट्टा राखावा, झोपाळे आणि दिवे मागाहून मांडावेत.