रांगेतला शेवटचा धनको

१/ विलेपार्ल्यातील ‘किंगफिशर हाऊस’ आणि अंधेरीतील सहार विमानतळ मार्गावरचे ‘सिरोया सेंटर’. मुंबई विमानतळाच्या आसपासच्या या दोन इमारती दोन मोठ्या खासगी विमान कंपन्यांच्या कारभाराची ठिकाणे होत्या. दोन्ही कंपन्या बुडाल्या. त्यांच्या अखेरच्या कथेत मल्ल्या, गोयल आणि बँका यांचीच नावे येतात. परंतु न्यायालयाची पायरी चढलेला आणखी एक पक्ष होता: उधारी थकलेला पुरवठादार.

२/ या पुरवठादाराच्या हाती एक जुने हत्यार होते. १९१३ च्या कंपनी कायद्यात आणि पुढे १९५६ च्या कायद्यातही तरतूद होती की, पाचशे रुपयांहून अधिक देणे मागूनही कंपनीने तीन आठवड्यांत चुकते केले नाही, तर ती कर्ज फेडण्यास असमर्थ मानली जाईल. मग धनको उच्च न्यायालयात जाऊन कंपनी गुंडाळण्याची, म्हणजेच अवसायनाची मागणी करू शके.

३/ ही वसुलीची वाट नव्हे, हे न्यायालये वारंवार बजावत. देण्याविषयी खरा वाद असेल तर अर्ज फेटाळला जाई. व्यवहारात मात्र अवसायनाची नोटीस हेच दबावाचे साधन ठरे. कंपनी बुडावी असे पुरवठादारास क्वचितच वाटे. त्याला फक्त आपले पैसे हवे असत.

४/ किंगफिशर एअरलाइन्सचे पहिले विमान मे २००५ मध्ये उडाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये उड्डाणे थांबली आणि परवाना स्थगित झाला. विमानांचे सुटे भाग पुरवणाऱ्या ब्रिटनमधील एरोट्रॉन या कंपनीने अवसायनाचा अर्ज केला. किंगफिशरचे नोंदणीकृत कार्यालय बेंगळुरूत असल्याने तो कर्नाटक उच्च न्यायालयापुढे चालला. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

५/ पुरवठादार जिंकला खरा, पण मालमत्ता कोणाकडे होती? किंगफिशर हाऊस बँकांच्या कर्जात अडकले होते. मार्च २०१६ च्या पहिल्या लिलावात त्याची राखीव किंमत १५० कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. पुढचे अनेक लिलावही फसले. अखेर २०२१ मध्ये ती वास्तू ५२.२५ कोटींना विकली गेली, तीही बँकांच्या कर्जवसुलीसाठी.

६/ दरम्यान कायदा बदलला. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने धनकोंचे दोन वर्ग केले. कर्ज देणारे ते वित्तीय धनको. माल वा सेवा पुरवणारे ते ऑपरेशनल क्रेडिटर. पुरवठादाराने मागणीची नोटीस द्यावी, दहा दिवस थांबावे आणि पैसे न आल्यास आणि देण्याविषयी वाद नसल्यास राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जावे. तेव्हा एक लाखाची थकबाकी पुरेशी होती.

७/ जेट एअरवेजची उड्डाणे मे १९९३ मध्ये सुरू झाली होती. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले तिचे विमान अखेरचे ठरले. त्याच महिन्यात थकबाकीपोटी तिचे एक बोइंग ७७७ ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर अडकवले गेले होते. मे महिन्यात युरोपीय धनकोंच्या अर्जावर नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिला दिवाळखोर ठरवले.

८/ मुंबईतही पुरवठादारच पुढे सरसावले. मोटार व्यवसायातील शामन व्हील्सचा ८.७४ कोटींचा आणि गग्गर एंटरप्रायझेसचा ५३ लाखांचा दावा न्यायाधिकरणापुढे आला. त्यानंतर स्टेट बँकेने आपला अर्ज केला. २० जून २०१९ रोजी न्यायाधिकरणाने बँकेचा अर्ज दाखल करून घेतला. आता सर्वांना एकाच प्रक्रियेत दावे नोंदवणे भाग होते.

९/ त्या प्रक्रियेत पुरवठादाराचे स्थान कोणते? कंपनीचे भवितव्य धनको समिती ठरवते आणि तेथे मत असते ते प्रामुख्याने वित्तीय धनकोंना. अवसायनात वाटप होते तेव्हा प्रक्रियेचा खर्च, कामगार व तारण असलेले धनको, कर्मचारी, बिनतारणी कर्जदाते आणि सरकारी देणी यांच्यानंतर, सहाव्या पायरीवर त्याचा क्रमांक लागतो. त्याच्या मागे उरतात केवळ भागधारक. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्विस रिबन्स खटल्यात वैध ठरवला होता.

१०/ जेटसाठी जालान-कालरॉक गटाची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली. पण ती अमलात आली नाही. ठरल्याप्रमाणे ३५० कोटींचा पहिला हप्ता भरण्यात हा गट अपयशी ठरला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून अवसायनाचा आदेश दिला. पुरवठादारांनी दार ठोठावल्याला तेव्हा पाच वर्षे उलटून गेली होती.

११/ शतकभर पाचशे रुपयांचा धनकोही मोठ्या कंपनीला न्यायालयात खेचू शकत होता. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, सरकारने एक लाखाची मर्यादा थेट एक कोटीवर नेली. लहान उद्योग क्षुल्लक रकमांसाठी दिवाळखोरीत ओढले जाऊ नयेत, हा हेतू होता. परंतु ज्याची उधारी थकते, तोही बहुधा लहान उद्योगच असतो. जेटविरुद्ध न्यायाधिकरणात गेलेला ५३ लाखांचा तो दावा आज एकट्याच्या बळावर त्या दारापर्यंत पोहोचूच शकला नसता.