ॲपचं इंटरनेट नेमकं कोण रोखतं? सॉकेट, सीग्रुप आणि ईबीपीएफ

नवरात्र, कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबा मंदिराची रांग आणि मोबाइलची बॅटरी १५ टक्क्यांवर. (६६० मेगावॉटचे ३ संच असलेल्या गावात चार्जिंगची पंचाईत, हेही खरंच.) अँड्रॉइडचा ‘बॅटरी सेव्हर’ सुरू केला की समोर उघडलेलं ॲप चालतं, मागे चालणाऱ्या बहुतेक ॲपचं इंटरनेट मात्र बंद होतं. ती ॲप समजूतदारपणे थांबत नाहीत. त्यांना थांबवतं ते कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.

कोणत्याही ॲपला नेट वापरायचं तर आधी कर्नलकडे ‘सॉकेट’ मागावं लागतं. सॉकेट म्हणजे डेटा आत-बाहेर जाण्याचं दार. ते उघडायचं की नाही, हे दर वेळी एकेका प्रोसेसकडे पाहून ठरवणं अवघड असतं, कारण एक प्रोसेस दुसऱ्या अनेकांना जन्म देते. म्हणून प्रोसेसचे गट करतात. लिनक्समध्ये या गटांना सीग्रुप म्हणतात. २००६ मध्ये गूगलमध्ये पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी हे काम सुरू केलं आणि २००८ च्या जानेवारीत ते लिनक्स २.६.२४ मध्ये आलं. गटातल्या प्रोसेसने नवी प्रोसेस सुरू केली, तर तीही त्याच गटात जन्मते, त्यामुळे नियमातून निसटत नाही.

सुरुवातीला सीग्रुपचा भर प्रोसेसर आणि मेमरीच्या वाटणीवर होता. नेटवर्कचं चित्र बदललं २०१७ मध्ये, लिनक्स ४.१० आल्यावर. तेव्हापासून सीग्रुपला ईबीपीएफ हा छोटा प्रोग्रॅम जोडता येतो. तो कर्नलच्या आतच चालतो आणि सॉकेट मागितलं जाताना किंवा डेटाचं पाकीट येता-जाता हो की नाही ते सांगतो. ‘नाही’ म्हटलं की ॲपच्या हाती ‘परवानगी नाही’ एवढाच एरर पडतो.

अँड्रॉइडने यात थोडी वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्रमांक असतो. सगळ्यांच्या वरच्या सीग्रुपला जोडलेला प्रोग्रॅम तो क्रमांक पाहून निर्णय घेतो. कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला, हा सेटिंग्जमधला हिशेबही अँड्रॉइड ९ पासून याच मार्गाने ठेवला जातो. इंटरनेटची परवानगी नसलेल्या ॲपला इंटरनेटचं सॉकेटच मिळत नाही. गंमत अशी, की ही परवानगी अँड्रॉइड वापरणाऱ्याला विचारत नाही. ॲपने मागितली, की इन्स्टॉल होतानाच मिळते. टॉर्चच्या ॲपला नेट कशाला, हा प्रश्न त्यामुळे कुणाला पडतच नाही.

सर्व्हरवर हेच काम सिस्टिमडी सोपं करतं. ‘आयपीॲड्रेसडिनाय’ ही ओळ लिहिली की त्या सेवेच्या सीग्रुपला ठरावीक पत्ते बंद होतात. मात्र सॉकेट उघडण्यावरचा नियम आधीच उघडलेल्या सॉकेटला लागू होत नाही. त्यासाठी पाकिटांवरच पहारा बसवावा लागतो. आणि ज्याच्या हाती रूटचे अधिकार आहेत, तो हा पहारा काढूनही टाकू शकतो.