घडणावळीचे मोल

विजयादशमीच्या संध्याकाळी विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत सुटते. त्याच दिवशी, दक्षिणेला काही तासांच्या वाटेवर, कोल्हापुरात छत्रपती घराण्यातील मंडळी एका जुन्या जर्मन मोटारीतून दसरा चौकात येतात आणि मग आपट्याच्या पानांचे सोने लुटले जाते. त्या मोटारीला कोल्हापूरकर 'मेबॅक' म्हणतात. १९२२ ते १९४० या काळात गादीवर असलेल्या राजाराम महाराजांची ही गाडी. गर्दीतल्या पुष्कळांना तिचे कुलशील ठाऊक नसते. ती दसऱ्याची गाडी आहे, एवढे त्यांना पुरते.

पण कुलशील ऐकण्याजोगे आहे. विल्हेल्म मायबाख आणि त्यांचे चिरंजीव कार्ल यांनी १९०९ साली झेपेलिन विमाननौकांसाठी इंजिने बनवण्याचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमाननिर्मितीवर बंधने आली आणि हे कारागीर १९२१ पासून मोटारींकडे वळले. दुसरे महायुद्ध भडकेपर्यंत त्यांच्या हातून जेमतेम अठराशे गाड्या बाहेर पडल्या. कारखाना देई तो केवळ सांगाडा, चाके आणि इंजिन. वरचे अंग गिऱ्हाइकाच्या मर्जीनुसार दुसराच कारखाना घडवी. राव्हेन्सबुर्गचा श्पोन हा त्यातला प्रमुख. लाकडी चौकटीवर हाताने ठोकलेला पत्रा चढवायचा, अशी ती रीत. त्यामुळे एकाच नावाच्या दोन गाड्या तंतोतंत सारख्या नसत. आपल्या जुन्या दागिन्यांसारखेच हे. ठुशी सगळीकडे ठुशीच, पण प्रत्येक सोनाराचा हात वेगळा.

दागिन्यांची उपमा विट्यामुळे सुचली. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी मुलखातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात भारतभर पांगली आहेत. त्यांना गलाई बांधव म्हणतात. केरळपासून दिल्लीपर्यंतच्या सराफकट्ट्यांवर विट्याकडची बोली ऐकू येते. गलाईवाल्याच्या मुशीत पणजीची पुतळ्यांची माळ पडली की उरतो तो कस आणि वजन. घडणावळ जळून जाते. तिची किंमत कोणी धरत नाही. धंद्याचा हा नियम आहे आणि त्यात निर्दयपणा काही नाही.

मोटारींच्या संग्राहकांचा बाजार नेमका याच्या उलट चालतो. तिथे लोखंडाला मोल नाही, सगळी किंमत घडणावळीची. २००९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ एका दिवंगत डॉक्टरच्या बंद गॅरेजात १९३७ ची बुगाटी ५७ एस सापडली. जवळजवळ पन्नास वर्षे ती धूळ खात उभी होती. पॅरिसच्या लिलावात तिला सुमारे ३४ लाख युरो आले. ते केवळ दुर्मीळतेचे नव्हते. तिचा पहिला धनी कोण, हे कागदोपत्री सिद्ध होते आणि मूळचे भाग बव्हंशी शाबूत होते. साहित्याच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. पोथीचा लेखनकाल, लेखनिक आणि ती कोणत्या मठातून आली हे कळले की तिचे वजन बदलते. वाईत सापडलेल्या दप्तरांतून राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हा तेच कागद रद्दीचे साधन झाले. कागद बदलला नव्हता, वाचणारा भेटला होता.

संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे गेले आणि राजवाड्यांच्या मोटारखान्यांना असा वाचणारा वेळेत भेटला नाही. एकेक गाडी पोसणे म्हणजे हत्ती पोसणे. काही गाड्या भंगारात गेल्या, काही मुंबईच्या दलालांमार्फत परदेशी गेल्या. पतियाळाच्या महाराजांना हिटलरने मायबाख भेट दिल्याची कथा सांगतात. ती गाडीही देशाबाहेर गेली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी खास बनवून घेतलेली ड्यूसेनबर्ग आज अभ्यासकांना भेटते ती परक्या संग्रहांच्या छायाचित्रांत. आपल्याकडे जाग आली ती फार उशिरा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' ही वेगळी नोंदणीमालिका सुरू केली. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शनाला किंवा फेरीला न्यावी, रोज वापरू नये, अशी अट आहे.

आता खरा पेच. सापडलेली गाडी नव्यासारखी करावी की तशीच ठेवावी? पाठचिकित्सेतला जुनाच प्रश्न हा: संपादकाने अशुद्धे दुरुस्त करावीत की जपावीत? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. स्वित्झर्लंडमधील मॅजोरे सरोवराच्या तळातून २००९ मध्ये १९२५ ची एक बुगाटी वर काढली. जकात न भरल्याने ती १९३६ मध्ये बुडवली होती. तिचे एक अंग गंजाने खाऊन टाकले होते. तरी २,६०,५०० युरो देऊन घेणाऱ्याने तिला हात न लावता गंजासकट आपल्या संग्रहालयात मांडले. पेबल बीचच्या ख्यातनाम स्पर्धेतही पूर्वी चकचकीत गाड्याच बाजी मारत; २०२४ मध्ये प्रथमच नूतनीकरण न केलेली गाडी, १९३४ ची बुगाटी ५९, सर्वश्रेष्ठ ठरली. रंग उडालेला, चामडे सुरकुतलेले. अवशेषांकडे पाहण्याची दृष्टी तिथे बदलते आहे खरी.

तरीही कोल्हापूरची मेबॅक या दोन्ही पंथांत बसत नाही. ती लिलावात उभी नाही आणि सरोवरातल्या गाडीसारखी गोठवलेलीही नाही. वर्षातून एकदा ती चालते म्हणजे कोणीतरी तिचे तेल बदलतो, झिजलेला भाग नवा घडवतो, वायरिंग तपासतो. काटेकोर संग्राहक अशा प्रत्येक दुरुस्तीला मूळपणातली तूट म्हणेल आणि त्याच्या हिशोबाने ते बरोबरही असेल. पण ज्या मिस्त्रीला कार्ब्युरेटरच्या आवाजावरून बिघाड कळतो, त्याच्या ज्ञानाची नोंद कुठल्याच लिलावाच्या सूचीत होत नाही. राजवाड्यांनी दप्तरे गोळा केली तशी या मिस्त्र्यांची बोलणी कोणी टिपून ठेवली आहेत का, हे आपल्या विद्यापीठांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी उद्यमनगरात जाऊन विचारायला हवे. त्या पिढीतले फार थोडे आता उरले असतील.