अस्थानिक गर्भधारणेतील औषधोपचार आणि गर्भऊती : एक ऐतिहासिक आढावा

फलित बीज गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहिनीत रुजणे म्हणजे अस्थानिक गर्भधारणा होय. वाढत्या ऊतीने बीजवाहिनी फुटून होणारा अंतर्गत रक्तस्राव हा तिचा प्राणघातक धोका. १८८३ मध्ये बर्मिंगहॅम येथे लॉसन टेट यांनी फुटलेली बीजवाहिनी काढून रुग्णेचे प्राण वाचविले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय राहिला. तीत बहुधा बीजवाहिनी गमवावी लागे. मात्र काढलेली ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येई.

या उपचाराला पर्याय ठरलेल्या औषधाच्या पूर्वेतिहासातील एक धागा मुंबईत सापडतो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधिका गर्भवती स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. अमेरिकेतील लेडरले प्रयोगशाळेत आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली या आम्लाचे संश्लेषण झाले आणि पुढे त्याला विरोध करणारी औषधेही तेथेच तयार झाली. मेथोट्रेक्सेट त्यांपैकीच एक. गर्भवतीला जे द्यावयाचे तेच येथे गर्भऊतीला नाकारावयाचे, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

पेशीविभाजनासाठी नवे डीएनए लागते व त्याच्या निर्मितीसाठी क्रियाशील फॉलेट आवश्यक असते. मेथोट्रेक्सेट संबंधित विकराला रोखते. त्यामुळे झपाट्याने विभागणाऱ्या ट्रोफोब्लास्ट पेशींची, म्हणजे वार घडविणाऱ्या पेशींची, वाढ खुंटते. १९५६ मध्ये मिन चिउ ली व रॉय हर्ट्झ यांनी याच पेशींपासून उद्भवणाऱ्या कोरिओकार्सिनोमा या कर्करोगावर हे औषध परिणामकारक ठरल्याचे दाखविले. एचसीजी संप्रेरक पूर्ण नाहीसे होईपर्यंत उपचार चालू ठेवण्याचा लींचा आग्रह त्यांच्या वरिष्ठांना रुचला नाही व त्यांना ती संस्था सोडावी लागली. ऊती दिसत नसतानाही तिचे अस्तित्व संप्रेरकावरून ओळखण्याची ही दृष्टी पुढे मोलाची ठरली.

१९८२ मध्ये जपानमधील तानाका व सहकाऱ्यांनी अस्थानिक गर्भधारणेत मेथोट्रेक्सेट यशस्वी झाल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत स्टोव्हॉल व लिंग यांनी शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम अशी एकमात्रा पद्धत रूढ केली. बीजवाहिनी न फुटलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या निवडक रुग्णांनाच ती लागू पडते.

औषध ऊतीला मारते, परंतु काढून टाकत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. पहिल्या काही दिवसांत एचसीजी वाढूही शकते. म्हणून चौथ्या व सातव्या दिवसांच्या तपासण्यांत किमान १५ टक्के घट अपेक्षिली जाते. मृत ऊती व साकळलेले रक्त शरीरात शोषले जाण्यास अनेक आठवडे लागतात. या काळात सोनोग्राफीत गाठ मोठी दिसली, तरी केवळ त्यावरून उपचार फसला असे म्हणता येत नाही. उलट, एचसीजी उतरत असतानाही बीजवाहिनी फुटू शकते. त्यामुळे बीजवाहिनी वाचविण्याचा हा मार्ग पत्करणाऱ्या स्त्रीला एचसीजी शून्यवत होईपर्यंत वारंवार रक्ततपासणी करावी लागते, आणि तीव्र पोटदुखी वा भोवळ आल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे लागते.