बेघरांची प्राथमिक आरोग्यसेवा, बॉस्टन

निवारागृहांत, पदपथांवर व पुलांखाली राहणाऱ्यांपर्यंत दवाखाना नेणारी अमेरिकेतील सेवा. ‘बॉस्टन हेल्थ केअर फॉर द होमलेस प्रोग्रॅम’ ही संस्था १९८५ मध्ये सुरू झाली. रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन व प्यू न्यासाने १९ शहरांना अनुदाने दिली, त्यांत बॉस्टन होते. १९८७ च्या मॅकिनी कायद्याने केंद्र सरकारचा निधी उपलब्ध झाला.

परिचारिकांचा दवाखाना : संस्थेचा इतिहास बहुधा पहिले डॉक्टर जेम्स ओकॉनेल यांच्यापासून सांगतात. वस्तुतः पाइन स्ट्रीट इन या निवारागृहात परिचारिका आधीपासूनच दवाखाना चालवीत होत्या. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातून नुकतेच शिकून आलेल्या ओकॉनेल यांचा स्टेथोस्कोप तेथील परिचारिका बार्बरा मॅकिनिस यांनी काढून घेतला आणि त्यांना आलेल्यांचे पाय धुण्याच्या कामाला लावले. पाय टबात भिजत असताना माणूस खुर्चीवर बसतो व डॉक्टर त्याच्या पायाशी. तपासून घ्यायला तयार नसलेलाही हळूहळू बोलू लागतो. शिवाय दिवसभराची चाल, ओले मोजे, हिमदंश आणि मधुमेहाने बधिर झालेले तळवे यांमुळे निम्मे निदान तिथेच हाती लागते. पुढील कामाची बहुतेक रीत या टबापाशी ठरली, असे म्हणता येते.

औषधयोजना : नेहमीचा उपचार येथे तसाच चालत नाही. लघवी वाढवणारी गोळी द्यायची, तर स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी विचारावे लागते. इन्सुलिन थंड ठेवायला जागा नसते, पिशवीतली औषधे चोरीला जातात.

विश्रांती-उपचार : रुग्णालयातून सुटी झालेला, पण रस्त्यावर परतण्याजोगा नसलेला रुग्ण संस्थेच्या विश्रांती-केंद्रात राहतो. प्रारंभी २५ खाटा होत्या. ‘बार्बरा मॅकिनिस हाउस’ हे केंद्र आता शहराच्या जुन्या शवागाराच्या इमारतीत आहे.

मृत्यूंची कारणे : २००३–०८ या काळात संस्थेकडे आलेल्या २८,०३३ प्रौढांच्या पाहणीत १,३०२ मृत्यू आढळले. पूर्वी एड्स हे प्रमुख कारण होते. त्याची जागा अमली पदार्थांच्या अतिमात्रेने घेतली. रस्त्यावरील उपचाराने आयुष्य किती वाढते आणि घर आधी द्यावे की उपचार, याविषयी मतभेद आहेत.

दंतचिकित्सा : सोय आहे.