तारुण्यपीटिकांचा दोष कोणाचा?

दहावी-बारावीच्या वयातला मुलगा आरशासमोर फार वेळ उभा राहू लागला किंवा मुलगी लग्नकार्याला यायचे टाळू लागली, की घरात एक जुनी चौकशी सुरू होते. तळकट किती खाल्लेस? तोंड नीट धुतोस का? हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगायचे? शेवटी आजी समजूत घालते, "लग्न झाले की जातील आपोआप." आपण त्यांना मुरूम म्हणतो, पुटकुळ्या म्हणतो, शेजारच्या कानडी घरात त्यांनाच मोडवे म्हणतात. चौकशी मात्र दोन्ही घरांत सारखीच, आणि तिचा रोखही एकच : मुलाचे काहीतरी चुकले असले पाहिजे. ही समजूत कशी रुजली, वैद्यकाने ती कशी खोडून काढली आणि गुणकारी औषध हाती येईपर्यंत कोणाकोणाला किंमत मोजावी लागली, हा इतिहास पालकांच्या उपयोगाचा आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'क्षुद्ररोग' या सदरात या विकाराची नोंद आहे. तरुणांच्या चेहऱ्यावर शाल्मलीच्या काट्यांसारख्या पिटिका उठतात, असे तिथे सांगितले असून त्यांना 'मुखदूषिका' हे नाव दिले आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर, कानडीतला बूरुग. तिच्या खोडावरचे टोकदार उंचवटे ज्याने पाहिले आहेत, त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते वेगळे सांगायला नको. कफ, वात आणि रक्त यांचा प्रकोप हे कारण सांगितले गेले आणि लोध्र, धणे व वेखंड यांचा लेप परंपरेने चालत आला. तिकडे सहाव्या शतकात एटियस या ग्रीक वैद्याने याच विकाराविषयी लिहिले. 'अ‍ॅक्ने' हा आजचा शब्द ऐन बहर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे हा वयाचा विकार आहे, एवढे दोन्हीकडच्या जुन्या वैद्यांना उमगले होते.

पुढे मात्र वय बाजूला पडले आणि वर्तन पुढे आले. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी त्वचारोगांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण हाती घेतले. ते १८१२ साली वारले आणि त्यांचे शिष्य थॉमस बेटमन यांनी १८१३ मध्ये ते काम ग्रंथरूपाने पुढे आणले. मुरमांचे प्रकार ठरले, पण कारण कळेना. कारण कळत नसले की दोष द्यायला माणूस लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात बद्धकोष्ठ, जड अन्न, आळस, मनातले कामविचार आणि हस्तमैथुन यांवर ठपका ठेवला गेला आणि लग्न हा उपाय सांगितला गेला. तेव्हा आजीचे ते वाक्य एकट्या आपल्या आजीचे नाही. त्या शतकाच्या अखेरीस मुरमांत जंतू सापडले आणि अस्वच्छतेचा आरोप आणखी पक्का झाला. प्रत्यक्षात तो जंतू निरोगी माणसाच्या त्वचेवरही सुखाने नांदत असतो.

खरे कारण दाखवून दिले ते अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४१ साली. ज्यांच्या शरीरात पुरुष-संप्रेरक तयारच होत नव्हते अशा पुरुषांना त्यांनी ते संप्रेरक टोचले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींना मुरूम आले. हे संप्रेरक मुलींच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असते. वयात येताना ते वाढते, त्वचेतील तैलग्रंथी फुगतात, केसाच्या मुळाशी असलेल्या नळीचे तोंड मृत पेशींनी बुजते, साचलेल्या तेलात तो जंतू वाढतो आणि भोवती दाह सुरू होतो. मुरूम होतो तो असा. नाकावरचा काळा ठिपकासुद्धा मळ नव्हे. त्याचा रंग त्वचेतील रंगद्रव्याचा आणि हवा लागलेल्या तेलाचा असतो. तो घासून जात नाही, घासल्याने दाह मात्र वाढतो.

कारण कळले तरी उपचार लगेच शहाणे झाले नाहीत. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर काही वर्षांतच ते मुरमांवर वापरले जाऊ लागले. ग्रंथी सुकत, चेहरा स्वच्छ होई, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा उपचार चालला. पुढे त्यांतल्या काहींना गळ्यातील थायरॉइडचा किंवा त्वचेचा कर्करोग झाल्याचे दिसून आले. चेहरा झटपट उजळवणाऱ्या प्रत्येक उपायाकडे संशयाने पाहावे, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

दुसरा धडा फिलाडेल्फियाचा. तिथल्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी कैद्यांवर प्रयोग केले. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय होते. मोबदला किरकोळ आणि धोक्याची पुरेशी कल्पना दिलेली नाही. मुरमांवर आजही पायाभूत मानले जाणारे जीवनसत्त्व 'अ'पासूनचे मलम, ट्रेटिनॉइन, क्लिगमन यांच्याच संशोधनातून आले. त्याविषयीचा त्यांचा निबंध १९६९ चा, आणि १९७१ मध्ये ते अमेरिकेत मान्य झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये या प्रयोगांबद्दल माफी मागितली. क्लिगमन त्यापूर्वीच, २०१० साली, वारले होते.

चॉकलेटने मुरूम वाढत नाहीत, असे सांगणारा प्रसिद्ध निबंधही याच चमूचा आणि १९६९ चाच. त्यात ६५ जणांना आलटूनपालटून दोन प्रकारच्या वड्या दिल्या होत्या. त्यांतले काही याच तुरुंगातले होते. पण चॉकलेट नसलेल्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढाच असल्याने निष्कर्ष लंगडा ठरला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवडे झालेल्या अभ्यासात रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केल्यावर मुरमांत काहीशी सुधारणा दिसली. म्हणजे आहाराचा थोडा संबंध असू शकतो, पण फराळाच्या ताटावरून मुलाला उठवावे एवढा तो नाही. तेलाचेही तसेच. कपाळावर उतरणाऱ्या केसांच्या तेलकट लेपांनी तिथे मुरूम उठतात, असे १९७० मध्ये नोंदले गेले. रोज डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर येऊ देऊ नये. वर्षातून एकदा होणाऱ्या अभ्यंगस्नानाला घाबरण्याचे कारण नाही.

हट्टी, खोलवर गाठी करणाऱ्या मुरमांसाठी मोठी वाट १९७९ मध्ये सापडली. गॅरी पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या १४ रुग्णांना चार महिने आयसोट्रेटिनॉइन दिले. १३ जण पूर्ण बरे झाले आणि औषध थांबवल्यावरही दीर्घकाळ बरे राहिले. १९८२ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आले. गर्भवतींनी ते घेऊ नये हे ठाऊक असूनही काहींच्या पोटात ते गेले आणि कान, हृदय, मेंदू यांत व्यंग असलेली बालके जन्मली. म्हणून २००६ पासून तिथे ते फार कडक नोंदणीनेच दिले जाते. योग्य देखरेखीखाली हे औषध चेहऱ्यावरचे कायमचे व्रण टाळू शकते. चिठ्ठीशिवाय किंवा दुसऱ्याच्या पाकिटातून ते कधीही घेऊ नये.

आपल्याकडची गोष्ट आणखी वेगळी आहे. सावळ्या त्वचेवर मुरूम गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो. घरच्यांना मुरमापेक्षा डागाची काळजी अधिक, आणि त्या काळजीतून गोरे करणारे मलम घरात येते. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. आठ दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ व लाल होते आणि नवे मुरूम उठतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असे मलम लावत होते, आणि त्यांतले १०४ जण ते मुरमांसाठीच लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांच्या खुल्या विक्रीला आळा घातला. तरी नळीवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावावी : बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर ते मुरमांचे औषध नव्हे. मात्र बरेच दिवस लावलेले असे मलम एकदम न सोडता डॉक्टरांना दाखवून सोडावे.

मग काय करावे? साधे मुरूम असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रात्री अ‍ॅडापॅलीन ही आजची पहिली औषधे, तीही डॉक्टरांना विचारून. मलम एकेका मुरमावर टेकवायचे नसते. वाटाण्याएवढे घेऊन सबंध भागावर पातळ लावायचे असते. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेलचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, तेव्हा पांढरे कापड वापरावे. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि बहुतेक घरांत औषध फसते ते इथेच : पंधरा दिवसांत नळी बदलली जाते, मग डॉक्टर बदलला जातो. प्रतिजैविक गोळ्या दिल्या तर त्या मर्यादित काळासाठी आणि मलमाच्या जोडीने घ्यायच्या, नाहीतर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. लिंबू, टूथपेस्ट आणि नखे चेहऱ्यापासून दूर ठेवावीत.

तीन महिन्यांत उतार नसेल, खोल गाठी किंवा खड्डे पडत असतील, मुलीची पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर लव वाढत असेल, तर थांबू नये. आपल्या सीमाभागात बेळगाव, मिरज, बांबोळी येथे वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचाविभाग आहेत; तिथे मुलाला घेऊन जावे आणि डॉक्टरांशी त्यालाच बोलू द्यावे. तो चारचौघांत जायचे टाळत असेल, उदास राहत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. ती तक्रार मुरमाइतकीच खरी असते.

व्रण पडल्यावर केलेल्या उपचारांपेक्षा व्रण पडण्याआधी केलेले उपचार सोपे आणि स्वस्त असतात. म्हणून 'वयाबरोबर जातील' हे अर्धसत्य मुलाला ऐकवत बसू नये. मुरूम पुष्कळांचे जातात. त्यांचे खड्डे आणि त्या वयात ऐकलेले बोल मात्र राहतात. सुश्रुताने दोष कफ, वात आणि रक्ताला दिला होता, हॅमिल्टनने संप्रेरकाला दिला. मुलाला तो दोघांनीही दिला नव्हता. आपणही देऊ नये, आणि औषधाला त्याचे तीन महिने द्यावेत.